भिंतीवर पडलेला शब्द

खिशात मावणारा प्रोजेक्टर घ्यायचा म्हटले की प्रश्न सरळ वाटतात. उजेड किती, बॅटरी किती वेळ चालते, किंमत किती. या प्रश्नांकडे मी येणारच आहे. पण त्यांच्याही आधीचा एक प्रश्न आहे आणि भारतीय तर्कशास्त्राने तो शतकानुशतके घोळवला आहे: समोरच्याला एखादी गोष्ट कळली, ती कोणत्या वाटेने कळली? धंद्याच्या मीटिंगमध्ये भिंतीवर विक्रीचा आलेख पडतो, पाच माणसे तो पाहतात आणि उठताना म्हणतात, ‘आकडे पाहिले आम्ही.’ त्यांनी आकडे पाहिलेले नसतात. उजेडाची एक आकृती पाहिलेली असते, आणि आकड्यांबद्दल एका माणसाचे म्हणणे ऐकलेले असते. माझा दावा असा की सादरीकरणाचे यंत्र निवडताना हा फरक झाकून टाकणारे यंत्र टाळावे आणि तो उघडा ठेवणारे घ्यावे. त्या कसोटीवर टेबलावर ठेवायचा लहानसा, मंद उजेडाचा प्रोजेक्टर छताला टांगलेल्या झगझगीत प्रोजेक्टरपेक्षा बऱ्याचदा सरस ठरतो.

न्यायसूत्रांनी ज्ञानाची चार साधने, म्हणजे प्रमाणे, मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. इंद्रियाचा विषयाशी संबंध येऊन जे ज्ञान होते ते प्रत्यक्ष. शब्द म्हणजे आप्ताचे सांगणे. आणि आप्त कोण, तर ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. यावर भाष्य करताना वात्स्यायन म्हणतो की हे लक्षण ऋषींना, आर्यांना आणि म्लेंच्छांना सारखेच लागू आहे. म्हणजे आप्तपणा कुळावर किंवा पदावर ठरत नाही, माहिती आणि दानत या दोहोंवर ठरतो. (व्हिजिटिंग कार्डावरच्या हुद्द्यावर तर नाहीच नाही.) आता स्लाइड या चौकटीत बसवून पाहा. डोळ्याचा संबंध येतो तो भिंतीवरच्या निळ्या-तांबड्या पट्ट्यांशी. गेल्या तिमाहीत कोल्हापूरच्या गोदामातून किती माल उठला, याच्याशी डोळ्याचा काडीचा संबंध आलेला नाही. पट्ट्यांचे ज्ञान प्रत्यक्ष आहे. मालाचे ज्ञान शब्द आहे, आणि तो किती खरा हे सांगणाऱ्याच्या माहितीवर आणि दानतीवर अवलंबून आहे. दिङ्नागासारखा बौद्ध तर्कपंडित शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानत नाही, तो त्याला अनुमानात घालतो. तसे मानले तरी माझ्या मुद्द्याला धक्का लागत नाही. मालाचे ज्ञान प्रत्यक्ष नव्हे, एवढे दोन्ही पक्षांना कबूल आहे.

पडद्यावरच्या चित्राची गोष्ट निघाली की प्लेटोच्या गुहेची आठवण काढायची रीतच पडली आहे, आणि आपल्याकडे दोरीवर भासणाऱ्या सापाची. दोन्ही दाखले इथे नीट लागू पडत नाहीत. गुहेतल्या कैद्यांना सावल्यांपलीकडे काही असते हेच ठाऊक नसते, आणि दोरी पाहणारा खरोखरच सापाला भितो. मीटिंगमधला कोणीही भिंतीला गोदाम समजत नाही. त्याचा गोंधळ वस्तूबद्दलचा नसतो, प्रमाणाबद्दलचा असतो. ‘हे काय आहे’ यात तो चुकत नाही, ‘हे मला कशावरून कळले’ यात चुकतो. ऐकीव गोष्टीला तो पाहिलेल्या गोष्टीचा दर्जा देतो. ही चूक दोरी-सापाच्या चुकीपेक्षा चिवट आहे, कारण दिवा लावला की साप जातो; इथे मात्र दिव्यानेच चूक केलेली असते. ऐकलेल्या गोष्टीवर आपण सहज विचारतो, ‘कोण म्हणाले?’ पाहिलेल्या गोष्टीवर असे कोणी विचारत नाही. स्लाइड हा प्रश्न ओठांवर येण्याआधीच मिटवून टाकते, आणि चित्र जितके मोठे, जितके ठसठशीत, तितका तो लवकर मिटतो.

हे यंत्र जन्मापासून याच कामाला जुंपलेले आहे. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने १६५९ साली चित्रे फेकणाऱ्या कंदिलासाठी जी रेखाटने केली त्यांत एक सांगाडा आहे, आपलेच डोके काढून हाती घेणारा. पुढे या खेळण्याची त्याला लाज वाटू लागली. वडिलांनी फ्रान्सच्या दरबारात तो कंदील दाखवायचे मनात घेतले, तेव्हा त्यातले एखादे भिंग काढून ठेव म्हणजे खेळ फसेल, असे त्याने पॅरिसमधल्या भावाला १६६२ साली सुचवले. शनीचे कडे ओळखणाऱ्या माणसाची ही लाज मला फार बोलकी वाटते. भिंगांतून खरे पाहणे आणि भिंगांतून खोटे दाखवणे यांतले अंतर किती कमी आहे, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? राज्यक्रांतीनंतरच्या पॅरिसमध्ये एत्येन-गास्पार रॉबर्टसनने एका ओस पडलेल्या मठात पडद्यामागे चाकांवरचा कंदील पुढे-मागे नेऊन भुते अंगावर येताना दाखवली. उलट उदाहरण आपल्याच घरचे आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचांवर हाताने रंगवलेल्या चित्रांचे खेळ केले. पुढे त्यांची मुलेही त्यात होती. पुराणातले प्रसंग पडद्यावर हलत, जोडीला निवेदन असे. तिथे कोणाची फसवणूक होत नव्हती, कारण तो खेळ आहे हे नावापासूनच सांगितलेले होते. प्रेक्षक माया पाहायला तिकीट काढून येत आणि माया पाहून घरी जात. कचेरीतल्या स्लाइडला हा प्रामाणिकपणा नाही. ती तंत्र कंदिलाचे वापरते आणि मान साक्षीदाराचा मागते.

एखादा म्हणेल, हा सगळा पंडिती कीस झाला, धंद्यात यामुळे कोणाचे काय बिघडते? २००३ सालच्या कोलंबिया यानाच्या अपघाताचा चौकशी अहवाल याचे उत्तर देतो. १६ जानेवारीला उड्डाण झाले आणि ८२ व्या सेकंदाला इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज बांधला आणि तो स्लाइडवर घालून व्यवस्थापकांपुढे ठेवला. स्लाइडचे शीर्षक धीर देणारे होते: चाचण्यांची माहिती पाहता अंदाज सावधपणाच्या बाजूचा आहे, अशा अर्थाचे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अगदी तळाशी, बारीक उपमुद्द्यात होती. चाचण्या सुमारे ३ घनइंचाच्या तुकड्यांवर झाल्या होत्या, आणि आदळलेला तुकडा अंदाजे १,९२० घनइंचाचा, म्हणजे ६४० पट मोठा होता. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान फुटले. कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने ती स्लाइड आपल्या अहवालात छापली आणि अशी स्लाइड वाचून वरिष्ठाला हा जिवावरचा प्रश्न आहे हे न कळणे समजण्यासारखे आहे, असा अभिप्राय दिला. अपघाताची कारणे पुष्कळ होती, सगळे खापर एका स्लाइडवर फोडणे अन्यायाचे होईल. पण न्यायशास्त्राच्या भाषेत तिथे जे घडले ते स्पष्ट आहे. सांगणाऱ्यांची दानत चोख होती. माहिती मात्र अपुरी होती, आणि ती किती अपुरी हे त्यांनी लिहिलेही होते. तरीही ते म्हणणे ‘पाहिलेली’ गोष्ट म्हणून वर पोचले.

यावर खरा आक्षेप वेगळाच आहे. दोष स्लाइडचा असेल, प्रोजेक्टरचा काय गुन्हा? तीच स्लाइड कागदावर छापून हातात दिली तर तिच्यातली गल्लत कमी होते का? थोडी होते. कागद हातात असला की पान उलटण्याचा हक्क वाचणाऱ्याचा असतो. तळाची ओळ तो दोनदा वाचू शकतो, पेन्सिलीने खूण करू शकतो, शेजाऱ्याला दाखवू शकतो. भिंतीवरचे चित्र सांगणाऱ्याच्या मुठीत असते. त्याने बटण दाबले की ६४० पट नाहीसे होते आणि पुढचे शीर्षक येते. परीक्षेला वेळ लागतो, आणि हा वेळ प्रोजेक्टर ऐकणाऱ्याकडून काढून बोलणाऱ्याकडे देतो. योगायोग असा की पॉवरपॉइंट बाजारात आले १९८७ साली, आणि आजच्या अनेक छोट्या प्रोजेक्टरांच्या पोटात असणारी सूक्ष्म आरशांची चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेकने शोधली तीही १९८७ सालीच. एकाने शब्दाला चित्राचा आकार दिला, दुसऱ्याने त्या चित्राला भिंतीचा.

म्हणून प्रश्न येतो तो खोलीचा. न्यायसूत्रे चर्चेचे तीन प्रकार सांगतात. तत्त्व शोधण्यासाठी दोन्ही बाजू मांडून होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची फक्त खोडत बसणे ही वितंडा. मोठा हॉल, दिवे बंद, दहा फुटी पडदा आणि अंधारात बसलेली साठ माणसे ही जल्पाची रचना आहे. तिथे हात वर करून ‘हा आकडा आणला कुठून?’ असे विचारायला धाडस लागते, आणि विचारणारा आगाऊ ठरतो. खिशातला प्रोजेक्टर ही रचना करूच शकत नाही. त्याच्या उजेडात साठ माणसांना काही दिसत नाही, पाच-सहा जणांना दिसते. ही पाच-सहा माणसे एका टेबलाभोवती बसतात, एकमेकांची तोंडे पाहतात आणि मध्येच बोलतात. यंत्राच्या अशक्तपणातून वादाची बैठक आपोआप तयार होते. चुणचुणीत विक्रेते याला तोटा समजतात. मी याला त्या यंत्राचा मोठा गुण समजतो.

पण इथे एक फसगत आहे आणि ती हिशेबानेच कळते. बाजारात मुठीएवढ्या प्रोजेक्टरच्या खोक्यावर ‘९,००० ल्युमेन’ असे खुशाल छापलेले सापडते. उजेड मोजण्याची शिस्तीची रीत अशी: पांढऱ्या पडद्याचे नऊ सारखे चौकोन करायचे, प्रत्येकाच्या मध्यावर उजेड मोजायचा, सरासरी काढून क्षेत्रफळाने गुणायचे. अमेरिकेच्या अँसी या मानकसंस्थेची १९९२ सालची ही रीत. तिच्यावरून ‘अँसी ल्युमेन’ म्हणतात. या मापाने खिशातले प्रोजेक्टर साधारण शंभर ते काही शे ल्युमेनांत बसतात. समजा २०० आहेत. ६० इंची चित्राचे क्षेत्रफळ जवळजवळ एक चौरस मीटर येते, म्हणजे भिंतीवर २०० लक्स. कचेरीत दिव्यांचाच उजेड ३०० ते ५०० लक्स असतो. आणि काळा रंग कोणताही प्रोजेक्टर फेकू शकत नाही. उजेडात न्हालेली भिंत जितकी काळी, तितकाच त्याचा काळा. ३०० लक्सच्या भिंतीवर पांढरा भाग ५०० आणि काळा ३००, म्हणजे अक्षरे फिक्या राखाडीवर गडद राखाडी. मग माणूस उठून सगळे दिवे बंद करतो, आणि जी अंधारी खोली टाळण्यासाठी लहान यंत्र घेतले तीच परत येते. उपाय चित्र लहान करण्याचा आहे. तेच २०० ल्युमेन ४० इंचांत एकवटले की भिंतीवर ४५० लक्स पडतात. भिंतीलगतची एकच ट्यूब मालवून तिथला उजेड १०० वर आणला की पांढऱ्या-काळ्याचे प्रमाण साडेपाचास एक होते आणि माणसांच्या चेहऱ्यांवरचा उजेड तसाच राहतो. ज्याला मोठे चित्र दाखवल्याशिवाय आपले म्हणणे वजनदार वाटत नाही, त्याने हे यंत्र घेऊ नये.

खोक्यावरचे ते ९,००० हाही एक शब्दच आहे, आणि सांगणारा आप्त नाही. इथे दर्शनांमधला एक जुना झगडा कामी येतो. मीमांसक म्हणतात, ज्ञान मुळातच प्रमाण असते. त्याला बाधा येईपर्यंत किंवा त्याच्या उगमात दोष दिसेपर्यंत ते खरे धरावे. नैयायिक म्हणतात, ज्ञानाचे खरेपण बाहेरून ठरते. त्यावर विसंबून केलेली कृती फळाला आली तर ते ज्ञान खरे. वेदाबद्दल मीमांसकांचे काय ते असो, ऑनलाइन खरेदीत मी नैयायिकांच्या बाजूचा आहे. ‘१०८० पी सपोर्टेड’ याचा अर्थ एवढाच की यंत्र तो सिग्नल घेते; आतली चिप ८५४ बाय ४८० ची असू शकते. विचारायचे ते ‘नेटिव्ह’ रिझोल्यूशन. आणि विचारून थांबायचे नाही, आपली स्लाइड, आपली खोली, दुपारची वेळ आणि बॅटरी अशा थाटात लावून पाहायचे. चार्जर काढला की पुष्कळ यंत्रे उजेड कमी करतात आणि हे खोक्यावर ठळक नसते. मराठीत सादर करणाऱ्याने तर आणखी सावध असावे. ४८० ओळींत वीस ओळींचा तक्ता बसवला तर एका ओळीला २४ पिक्सेल येतात, त्यांतले काही मधल्या मोकळ्या जागेत जातात. रोमन अक्षर त्यात कसेबसे तगते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर असते. यंत्र तिरके ठेवून ‘कीस्टोन’ने चित्र सरळ केले की पिक्सेल आणखी कमी होतात, आणि ‘कर्ज’ आणि ‘खर्च’ यांवरचे रफार आधी विरघळतात. ताळेबंदात हेच दोन शब्द नीट दिसायला हवे असतात. म्हणून ७२० ओळींच्या खाली जाऊ नये, आणि कीस्टोनवर भिस्त ठेवण्यापेक्षा खाली दोन पुस्तके ठेवून यंत्र सरळ करावे.

आणखी एक आक्षेप नीतीचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. विक्रेत्याने तत्त्वशोधाचा मक्ता घेतलेला नाही; त्याला माल विकायचा आहे, जिंकायचेच आहे. त्याच्याकडून वादाची अपेक्षा करणे म्हणजे बाजारात संन्यास मागणे नव्हे का? महाभारताच्या शांतिपर्वात याच प्रश्नावर एक संवाद आहे. जाजली नावाचा तपस्वी, ज्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे केले तरी जो हलला नाही, आपल्या तपाच्या गर्वात असताना त्याला वाराणसीच्या तुलाधार नावाच्या वाण्याकडे धर्म शिकायला जावे लागते. तुलाधार दुकान सोडत नाही. तो माल विकतो आणि नफ्यावरच जगतो. त्याचे म्हणणे इतकेच की आपला तराजू सर्वांना सारखा आहे. तराजूबद्दल लक्षात घेण्याची गोष्ट ही की तो गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर असतो आणि काटा दोघांनाही दिसतो. वाण्याने जिंकू नये असे तिथे कोणी म्हणत नाही. मापणे झाकून जिंकू नये, असे म्हटले आहे. सादरीकरणाला हे जसेच्या तसे लावता येते. आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू आहे का, आकडा कोणत्या वहीतून आला, कोणत्या महिन्यापर्यंतचा आहे, हे त्याच स्लाइडवर तितक्याच मोठ्या अक्षरात असले की स्लाइड आपण शब्द असल्याचे कबूल करते.

मग प्रोजेक्टर हवाच कशाला, असेही विचारता येईल. ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी २००४ साली वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढून टाकले आणि बैठकीच्या सुरुवातीला सर्वांनी लेखी टिपण शांतपणे वाचायची पद्धत आणली. टिपणाला वेष नाही, ते शब्दच आहे आणि शब्दासारखेच दिसते. तत्त्वतः मला ही पद्धत अधिक पसंत आहे. पण ती चालते ती रोज पानेच्या पाने इंग्रजी वाचणाऱ्या माणसांत. भोसरीच्या एमआयडीसीतल्या कारखानदाराला यंत्राचा सुटा भाग कसा बसतो ते दाखवायचे असेल, किंवा ठिबक सिंचनाची आखणी गावातल्या देवळाच्या सभामंडपात वीज नसताना समजवायची असेल, तर सहा पानी टिपणाचा उपयोग नाही. तिथे चित्रच बोलते, आणि बॅटरीवरचा प्रोजेक्टर खरोखर कामाचा ठरतो. शिवाय सुट्या भागाच्या किंवा शेताच्या छायाचित्रात वस्तूचा माग असतो. आकड्यांच्या पट्टीत तो नसतो. या दोन्हींना एकाच मापाने झोडपणे बरोबर नाही.

राहिला निवडीचा एक निकष, जो कोणत्याही तुलना-तक्त्यात मला दिसत नाही. वादाला पक्ष आणि प्रतिपक्ष दोन्ही लागतात, आणि दोघांना एकच जागा लागते. म्हणून प्रोजेक्टर असा हवा की समोरच्या माणसालाही आपला फोन किंवा लॅपटॉप लगेच जोडून, आपला हिशेब त्याच भिंतीवर टाकता यावा. वायरलेस जोडणीची जाहिरात खूप होते, पण फोनाफोनांत पद्धती वेगळ्या असतात आणि परक्या कचेरीच्या वायफायवर पाहुण्याला प्रवेश नसतो; ऐनवेळी पाच मिनिटे ‘सर्चिंग’ बघत बसावे लागते आणि समोरच्याचा आक्षेप तेवढ्यात थंड होतो. पूर्ण आकाराचे एचडीएमआय आणि चित्र घेणारे टाइप-सी, अशी दोन्ही भोके असलेले यंत्र पाहावे. टाइप-सी पुष्कळदा फक्त चार्जिंगचे असते, तेही आधी विचारावे. दोन्ही केबली पिशवीत ठेवाव्यात, आणि टेबलावर त्यांची मोकळी टोके गिऱ्हाईकाच्या बाजूला सोडावीत.